एकच पाय का दोन्ही

रस्त्यावरनं रोलर गेला, फळीवरची ताटं खडखड वाजली, आन् अव्वा उठली न्हाई. एवढंच झालं. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणेल, मंग काय बिघडलं. पण दहा वर्षांत मी असं एकदाबी बघितलं न्हवतं. ट्रक जाऊ दे, कुकरचं झाकण पडू दे, वरच्या पोरांची कॉट सरकू दे, जरा काही थरथरलं की अव्वा हातातलं टाकून, माझं मनगट धरून, रस्त्याच्या मधोमध. तव्यावर पोळी जळून राहिली तरी. आई असली तरी मी तिच्यावर लई चिडायची, मनगटावर तिच्या पिठाचे ठसे उमटायचे, आन् समोरच्या क्लासची पोरं बघून राहायची. आज मनगट मोकळंच. ती स्टुलावर बसून लाटून राहिली होती. लाटणं थांबलं, डोळे ताटांकडं गेले, कमरेपासून वरची सगळी अव्वा उठायला निघाली, आन् खालून कुणी धरल्यासारखी परत बसली. मी खाली बघितलं. लुगड्याचा काठ वर सरकला होता. डाव्या पायाचा घोटाच न्हवता. म्हंजे पाय होता, पण घोट्याचं हाड सुजेत बुडालेलं, पोटरी ताणलेली, चकचकीत, उजवीच्या दीडपट. मी वाकून अंगठ्यानं दाबलं तर खळगा पडला आन् तसाच राहिला. आन् गरम. दूध तापवून उतरवलेल्या पातेल्यासारखा गरम. "हात काढ," अव्वा म्हणली, "दगडाचा पाय हाय तो. त्याचं तसंच ऱ्हातंय."

दगडाचा पाय. आमच्या घरात त्या पायाला हेच नाव. मी सात वर्षांची होते. औशाकडचं आमचं गाव, मातीत दगड रचून केलेल्या जाड भिंती, उन्हाळ्यात लई गार. भूकंपात त्या भिंती पडल्या तेव्हाचं मला काही आठवत न्हाई. आठवतं ते उजाडल्यानंतरचं. दातात माती. थुंकलं तरी माती. बाप मलप्पा आतच होता, तो कुठं हाय ते मी इचारलं न्हाई, कारण अव्वा इचारू देत न्हवती. ती दिसत होती कमरेपर्यंत, पाय धोंड्याखाली. मला म्हणली, हितंच बस, हलू नको, सुम्न कुंद्रु. गप बस म्हणायला ती शेवटपर्यंत कानडीच वापरायची, रागात आन् भीतीत. मी तिच्या डोक्यापाशी बसले. ऊन वर आलं, सावली सरकली तशी मी सरकले. दुपारी मिलिटरीच्या पोरांनी धोंडा उचलला तेव्हा पाय पिठासारखे पांढरे होते, मंग बघता बघता निळे झाले. दवाखान्यात तिला व्हरांड्यात टाकलं होतं. कुणीतरी तिच्या डोक्यावरनं दुसऱ्या कुणाला म्हणलं, डावा कापावा लागेल. कापला न्हाई. पण ते वाक्य तिनं ऐकलं, आन् तवापासून दवाखान्याच्या गेटातनं ती आत गेली न्हाई. डावीवर हिरव्या शिरा उठल्या, गाठी गाठीच्या, आन् काही दुखलं, सुजलं, जड पडलं की बोट त्या धोंड्याकडं. दहा वर्षांपूर्वीचा धोंडा आमच्या घरातला तिसरा माणूस होता. त्याच्यावर सगळं ढकलता यायचं.

मंग पत्र्याचं शेड, मंग सरकारी घर, मंग लातूर. लातूरला क्लासचं पीक आलं होतं. भोकरची, बिलोलीची, देगलूरची पोरं पत्र्याच्या पेट्या घेऊन उतरायची, दोन वर्षं गल्लीगल्लीत कोंबून घ्यायची, आन् सगळी डाक्टर व्हायची. सगळी न्हाई होत, पण बोर्डावर फोटो लागायचे ते झालेल्यांचेच. अव्वानं मेस टाकली. अकरा पोरं. दोन टाइम पोळ्या, उभ्यानं भाजी, उभ्यानं वाढणं, उभ्यानं भांडी. लाटायला तेवढं स्टूल. मीबी त्याच घरात, पण माझी पाटी कोरी. दहावीच्या सहामाहीला मॅडम म्हणली, ही काय, भूकंपवाल्यांच्या सवलतीतली, हिला काय फरक पडतो. मी तिच्या टेबलावरची शाईची दौत उचलून तिच्या हजेरीच्या वहीवर ओतली आन् घरी आले. परत गेले न्हाई. अव्वानं दोन दिवस मारलं, तिसऱ्या दिवशी कणीक मळायला लावली. पोरं मला ताई म्हणतात, माझ्याहून मोठी असली तरी, आन् ताट पुढं करताना माझ्याकडं बघत न्हाईत. मी मात्र बघते. कोण रडून आलाय, कुणाला मार्क कमी पडलेत, कोण भाजीतला बटाटा शेवटी खायला ठेवतो. नजर माझी लई वाईट हाय, अव्वा म्हणायची. मंग पायाकडं कामून गेली न्हाई ती नजर? रोज त्या पायापाशी बसून मी कणीक मळत होते. हे मी नंतर लई वेळा स्वतःला इचारलं. उत्तर एकच, की दगडाच्या पायाकडं बघायची मलाबी गरज वाटत न्हवती.

गोळी अवधूत सरांची. समोरच्या क्लासात बायो शिकवायचे ते. चांगला माणूस, हे मी आजबी म्हणते. दुपारचं जेवण आमच्याकडंच घ्यायचे, आन् पाच आठवड्यांमागं त्यांनी अव्वाला पाय फरशीवर आपटताना बघितलं. "मावशी, पाय जड होतात का?" अव्वा लाजली. सरांनी आपली पॅन्ट वर करून पोटरी दाखवली, तिच्यावरबी शिरांचं जाळं. "आठ तास फळ्यापुढं उभा राहतो मी. ही घ्या. संत्र्याच्या सालीपासून काढतात. वनस्पतीचीच आहे, अपाय काही नाही." पिवळट मोठी गोळी, सकाळ-संध्याकाळ. आन् खरंच सांगते, फरक पडला. दोन-तीन आठवड्यांनी संध्याकाळचं ते पाय आपटणं कमी झालं. अव्वा म्हणली, पायातली माती उतरल्यासारखं वाटतंय. सरांवर तिचा असा भरवसा बसला की डाक्टरवरबी बसला नसता. लातूरमधी 'सर' म्हणलं की संपलंच. पोराला ताप आला तरी आई-बाप आधी सरांना फोन करतात.

रोलर गेला त्या सोमवारी जेवायला बसलेल्या अकरा डाक्टरांनी पाय बघितला. देगलूरचा अनय, चष्मेवाला, पहिल्या बाकावरचा, म्हणला, "मावशी, मीठ कमी करा." दुसरा म्हणला, "किडनी असेल." तिसरा म्हणला, "अरे ह्यॅट, किडनी असली तर तोंड सुजतं." यासेर, नांदेडच्या देगलूर नाक्यावरचा, सगळ्यात गमत्या, म्हणला, "मावशी, उशी लावून पाय वर, आन् पोळ्या आम्ही लाटतो. तुम्ही फक्त शिव्या द्या." अव्वा लई हसली. मी म्हणलं, "दवाखान्यात न्यायचं." हसणं बंद. "तुझा बाप नेल," अव्वा म्हणली. मेलेल्या बापाचं नाव ती असं फक्त भांडणात काढायची.

संध्याकाळी मी क्लासच्या दारात गेले. हातात गोळ्यांच्या डब्यातला कागद. घडी उलगडली की वर्तमानपत्राएवढा होतो, अक्षर मुंगीएवढं, सगळं इंग्रजी. यासेरची डिक्शनरी घेऊन मी दुपारभर त्याच्यावर पडले होते. सर पोरांच्या घोळक्यात होते. "सर, तुम्ही म्हणलात अपाय न्हाई. हितं लिहिलंय पोट बिघडतं, डोकं दुखतं, अंगावर पुरळ येतं." पोरं खिदळली. सर म्हणले, "ते कायद्यासाठी लिहावं लागतं गं." "आन् हितं लिहिलंय, शिरांच्या जडपणाला, दुखण्याला, सुजेला. गरम पायाचं कुठंच लिहिलं न्हाई. अव्वाचा पाय गरम हाय." "कितवी शिकलीस तू?" त्यांनी हे वाईट मनानं इचारलं न्हाई, खरंच इचारलं, पण माझ्या कानशिलात जाळ झाला. "वाचायला येतं तेवढी." "बरं. मावशींना पाच आठवड्यांत आराम पडला की नाही?" पडला होता. "मग? त्यांचा जुना मार आहे, क्रश झालेला पाय. आठ दिवस डबल डोस करू, सूज उतरेल." मी तो कागद चुरगाळून त्यांच्या पायापाशी टाकला. मंग परत वाकून उचलला, कारण माझ्याकडं दुसरा पुरावा न्हवता. वाकलेली असताना पोरांचे बूट दिसले, नवे, पांढरे, अकरा-बारा जोड, आन् वाटलं हे सगळे एक दिवस गळ्यात ती नळी घालून फिरतील, आन् कुणाला तरी इचारतील, कितवी शिकलीस.

मंगळवारी डबल गोळी. बुधवारी डबल गोळी. पाय उतरला न्हाई. मांडीपर्यंत ओढ लागली म्हणली. मी भांडले, ताट आपटलं, रिक्षा दारात आणून उभी केली. अव्वानं रिक्षावाल्याला चहा पाजून परत पाठवलं. शेवटी मी रडले तेव्हा ती नरमली, कारण मी रडत न्हाई. म्हणली, "अंबरीशला इचार. त्यो म्हणला तर जाईन." अंबरीश आमच्या मेसचा पहिला डाक्टर. दोन वर्षं आमच्याकडं जेवला, मंग नांदेडच्या मेडिकलला लागला, आता दुसऱ्या वर्षाला. त्याचा फोटो अव्वानं देवापाशी लावला होता, सिद्धेश्वराच्या शेजारी. "माझ्या पोळ्या खाऊन डाक्टर झालंय ते. ते कापाय लावायचं न्हाई."

बेस्तरवारी सकाळच्या एसटीत बसले. अहमदपूर, लोहा, खिडकीची काच ढिल्या दातासारखी हालून राहिली. गाडी हादरली की माझा हात आपोआप मनगटावर जायचा. शेजारच्या बाईचे पाय मी बघत होते. पुढच्या बाकाखालचे पाय बघत होते. नांदेडला उतरले तोवर मी पन्नास जोड पाय बघितले असतील, आन् सगळे जोड सारखे होते. ही गोष्ट डोक्यात नुसती पडून राहिली. तिचं काय करायचं ते मला कळलं न्हाई.

अंबरीश होस्टेलच्या खाली लुंगीवर आला. "अरे सिंधे! मावशीनं लाडू पाठवले का?" मी गोळ्यांची पट्टी आन् चुरगाळलेला कागद पुढं धरला. त्यानं पट्टी उलटी-पालटी केली. "ही होय. माहीत हाय ही. खोटी न्हाई गोळी. जडपणा, ठणका, थोडी सूज कमी होते लोकांची. सगळ्यांची न्हाई. अभ्यास झालेत, पण बरेच लहान, आन् त्यातले काही तर कंपनीच्याच पैशानं झालेले. फुगलेली शीर काही पहिल्यासारखी होत न्हाई हिच्यानं."

"आन् अपाय?"

"बारीकसारीक. पोट, डोकं. बाकी बरी हाय." तो बाकावर बसला, जांभई दिली. "किती सुजलाय?" मी हातानं दाखवलं. मंग त्यानं इचारलं, "एकच पाय का दोन्ही?"

"एकच. डावा."

"कधीपासून?"

"सोमवारी दिसला. गरम हाय."

जांभई अर्ध्यातच थांबली. त्याचं तोंड मी कधी विसरणार न्हाई. मार्क कमी पडलेल्या पोराचं असतं तसं. "दम लागतो का तिला? छातीत दुखतं?" मला माहीत न्हवतं. दम तर तिला चुलीपुढं नेहमीच लागतो. तो तसाच लुंगीवर पळत वॉर्डाकडं गेला आन् पाच मिनिटांत आला. "आमच्या मॅडम म्हणतात आत्ताच्या आत्ता न्यायचं. लातूरलाच, जवळ पडेल तिथं. शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते. ती सुटली तर फुप्फुसात जाते. गाठीला ह्या गोळीचा काही उपयोग न्हाई, वेगळं औषध असतं, रक्त पातळ करायचं. आन् ऐक, तिला चालू द्यायचं न्हाई. अजिबात. उचलून न्या."

"पाय कापत्यात का?"

"न्हाई गं! कोण म्हणलं? सुई देतात. नुसती सुई." नुसती सुई. दहा वर्षं ती ज्याला भिऊन राहिली, ते तिथं न्हवतंच.

गेटासमोरच्या एसटीडीवरनं मी नासिरचाचाच्या बूथवर फोन लावला. आमच्या मेसच्या समोर, रस्त्याच्या पल्याड त्यांचा बूथ. "चाचा, मी सिंधु. अव्वा..." "हाँ बेटी, ठैर, बुलाता हूँ," आन् रिसीव्हर फळीवर ठेवल्याचा आवाज. माझं वाक्य तोंडात. मी ओरडले, चाचा, नको, बोलवू नका, चाचा. फळीला काय ऐकू येतंय. काचेवर लाल आकडे पळून राहिले. पलीकडं सायकलची घंटी, कुणीतरी खोकलं, दूर क्लासचा माईक. मी मनात बघत होते. स्टुलावरनं उठली. उंबरा. दोन पायऱ्या. रस्ता. नवं डांबर. परत दोन पायऱ्या. अंबरीश बाजूला उभा, नखं खात. मंग श्वास आला कानात, अव्वाच्या आधी तिचा श्वास. "सिंधे, काय म्हणला अंबरीश?"

"कशी आलीस तू?"

"पायानं आले. आन् कशानं येऊ?"

मी सगळं एका दमात सांगितलं. गाठ, सुई, कापत न्हाईत, अंबरीशच म्हणलाय. ती ऐकून राहिली. मंग म्हणली, "बरं. जाते मी." मला रडू आलं. इतकं सोपं होतं. "आत्ता जा. चाचांना रिक्षा बोलवाय सांग." "जाते म्हणलं न्हवं. पोरांची परीक्षा हाय दोनला. पोळ्या व्हायल्यात, वाढून जाते." मी किंचाळले, काय काय बोलले ते आठवत न्हाई, मरू दे तुझी पोरं असं म्हणलं हे आठवतं. "सुम्न कुंद्रु," ती म्हणली, आन् हसली वाटतं. "उपाशी बसवू का त्यास्नी?" अंबरीशनं माझ्या हातातनं फोन ओढला, "मावशी, मावशी, मी अंबरीश," पण तिकडं नासिरचाचा होते. "वो गई बाबा. तुम फिकर मत करो, मैं रिक्षा में डालके ले जाता."

परतीच्या गाडीत मी पहिल्या बाकावर बसले होते, ड्रायव्हरच्या मागं, जणू मी पुढं असले तर गाडी लवकर पोचेल. लोह्याला गाडी दहा मिनिटं थांबली. कंडक्टर चहा पिऊन राहिला होता. मी त्याला शिवी दिली, त्यानं मला उतरवायची धमकी दिली, एक म्हातारी मधी पडली. पायातली माती उतरल्यासारखं वाटतंय, असं अव्वा म्हणली होती. ते खोटं न्हवतं, हे मला सारखं टोचून राहिलं. गोळीनं खरंच तिला थोडं बरं वाटलं होतं, दहा वर्षांत पहिल्यांदा. तेवढ्या बरं वाटण्यावर आम्ही सगळे विसंबून राहिलो. अहमदपूरच्या पुढं ऊन तिरपं झालं. हातात सुई टोचलेली, कॉटवर पडून बाजूच्या बाईशी भांडत असलेली अव्वा मी मनात तयार केली. कॉट, चादर, सलाईनची बाटली, सगळं नीट लावलं. फक्त पायांवरची चादर वर करून बघायला धीर झाला न्हाई.

गल्लीच्या तोंडाशी नासिरचाचा उभे होते. टोपी हातात. त्यांनी काही सांगायच्या आधी मला कळलं. तरी त्यांनी सांगितलं, सगळं, उभ्या उभ्या, कारण त्यांच्याच्यानं ते धरवत न्हवतं. रिक्षा पाऊण घंटा दारात उभी होती. अव्वानं अकराही ताटं वाढली. यासेर म्हणला, आम्ही घेतो मावशी, तुम्ही जा, तर त्याच्या हातावर उलथनं मारलं. अनयनं अजून एक पोळी मागितली, ती भाजली. मंग पदर नीट करून रिक्षापर्यंत चालत आली, एक पाय आत टाकला, आन् चाचांना म्हणली, छातीवर कोण बसलंय. बस. दवाखान्याच्या गेटातनं रिक्षा आत गेली तेव्हा ती ह्या जगात न्हवती. "मैंने बुलाया उसको फोन पे, बेटी," चाचा म्हणले. "मैंने पैदल बुलाया." फोन मी लावला होता. नंतर अंबरीशला मी इचारलं, फोनपर्यंत चालली त्यानं झालं का पोळ्यांपायी थांबली त्यानं, का सोमवारीच उशीर झाला होता. तो म्हणला, सांगता येत न्हाई. परत इचारलं तर परत तेच म्हणला.

चौथ्या दिवशी पोरं आली. तोवर ती दुसऱ्या मेसला जात होती. अवधूत सर आले न्हवते. ते तीन दिवस रोज रस्त्याच्या पल्याड येऊन उभे राहायचे आन् परत जायचे, असं चाचा म्हणले. पोरं भिंतीला लागून बसली, जिथं जेवायला बसायची तिथंच, त्याच क्रमानं. पुढं ताटं न्हवती. कुणाला हात कुठं ठेवावेत ते कळंना. अनयचे डोळे सुजले होते. मला त्याचा राग आला न्हाई, हेच मला लई भयंकर वाटलं. राग हे माझं एकच कामाचं हत्यार होतं. मी त्याच्यासमोर उकिडवी बसले. म्हणलं, "अनय, पायातलं रक्त कुठं जातं?"

"ताई..."

"सांग की. येतंय न्हवं तुला."

मंग ते त्याच्या तोंडातनं आपोआप यायला लागलं, थांबवता येत न्हाई असं. पोटरीची शीर, मांडीची शीर, तिथनं पोटातली मोठी शीर, इन्फिरिअर व्हेना केव्हा. हृदयाचा उजवा वरचा कप्पा, झडप, उजवा खालचा कप्पा. पल्मोनरी आर्टरी. "फुप्फुस," तो म्हणला, आन् तोंडावर हात दाबून धरला.

मी बाजूच्याकडं सरकले. "तू सांग." त्यानं सांगितलं. मी पुढं सरकले. यासेर, जो कधी गप बसत न्हाई, त्यानं डोळे मिटून सांगितलं. मी भिंतीच्या कडेनं सरकत गेले, एकेकापुढं बसत, वाढायला बसल्यासारखी. अकरा जणांनी सांगितलं. एकाचंही चुकलं न्हाई.